चेंबरचा गोल झालेला बोल्ट

अहो,

काल दुपारी गाडीच्या चेंबरचा तो बोल्ट निघाला. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्याला अकरा महिने होऊन गेले, पण मी तुम्हाला एक ओळही लिहिली नव्हती. लिहून पाठवायचं तरी कुठे?

कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, की पत्राच्या वर ज्याला लिहायचं त्याचं नाव घालावं. पण पस्तीस वर्षांत मी तुम्हाला तोंडावर एकदाही हस्केल म्हटलं नाही. आज कागदावर म्हणायला गेले तर हात थांबला. म्हणून नुसतं अहो. एवढ्यावर तुम्ही नेहमी वळून बघायचात.

त्या बोल्टाची कथा तुमच्या पान्यांपासून सुरू होते, नाही का? अडुसष्ट साली मुंबई सोडताना सामान मोजून न्यायचं होतं. मी म्हटलं, आईची पितळी परात घेऊ. तुम्ही म्हणालात, "परात तिकडे मिळेल. असे पाने मिळायचे नाहीत." आणि गोदीच्या वर्कशॉपात वापरलेले तुमचे इंची पाने, बाराच्या बारा, माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळून आणलेत! त्या शालूला अजून ग्रीसचा वास येतो. आपल्या लेकीच्या, रूथच्या लग्नात मी तो का नेसले नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

इस्रायलला, अश्दोदला आल्यावर आठ वर्षांनी गाडी घेतली, आणि ती निघाली मिलिमीटरवाली. फ्रान्सची, निळी, दोन मालकांच्या हाताखालून आलेली. इंजिनच्या पोटाखालच्या तेलाच्या भांड्याला तुम्ही चेंबर म्हणायचात. त्याच्या तळाशी एक बोल्ट असतो, तो काढला की जुनं तेल वाहून जातं, एवढं मला तुमच्यामुळे कळलं. त्या बोल्टाला सतरा मिलिमीटरचा पाना लागायचा. तुमच्याकडे होता अकरा-सोळांश इंचाचा. दोघांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. आपला आवी तेव्हा टेक्निकल शाळेत शिकत होता. त्यानं कागदावर आकृती काढून दाखवली. तुम्ही कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"याच पान्यानं आम्ही मुंबईत बोटी उघडल्यात," तुम्ही म्हणालात.

"अब्बा, ही बोट नाही," तो हिब्रूत म्हणाला.

"मग तर आणखीनच सोपं!"

तेव्हा मी हसले होते. तुमच्या बाजूनं हसले होते.

दर वेळी तेल बदलताना तो पाना थोडा थोडा घसरायचा. दर वेळी बोल्टाचे कोपरे झिजायचे. आणि दर वेळी बंद करताना तुम्ही दात आवळून आणखी एक पिळा द्यायचात. "गाडी फ्लोरा चालवते. ओफाकिमच्या रस्त्यात तेल गळायला नको." माझ्या काळजीनंच तो बोल्ट असा घट्ट बसला. सहा कोनांचा बोल्ट चघळलेल्या लिमलेटच्या गोळीसारखा गुळगुळीत झाला, आणि मग कुठलाच पाना त्याला धरेना.

आता तो दिवस. इथवर लिहून मी उठले होते. पाणी पिऊन आले.

बुधवार होता. सकाळपासून वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता, समुद्र असून नसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मी रूथकडे ओफाकिमला निघणार होते, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी तेल बदलायचं होतं. आपल्या जिन्यात बिल्डिंगच्या कमिटीनं पाटी लावली आहे, दोन ते चार शांतता. या देशात त्या दोन तासांत कुणी भिंतीत खिळासुद्धा मारत नाही. तुम्हाला ते कधीच पटलं नाही. "गोदीत दोन ते चार झोपलो असतो तर बोटी बुडाल्या असत्या!" इंजिन तापवून ठेवलं होतंत, गरम असतानाच बोल्ट ढिला होतो म्हणून. मग छिन्नी आणि हातोडी घेऊन तुम्ही खाली गेलात.

मी खिडकीच्या पट्ट्या ओढून आडवी झाले होते. पहिला घाव पडला. खांबांवर उभी असलेली आपली बिल्डिंग, खाली सगळं पोकळ, तो आवाज चारही मजले चढला. मग दुसरा. मी उठले, गॅलरीत आले आणि ओरडले. अगदी चाळीतल्यासारखी ओरडले.

"अहो, जरा हळू! माणसं झोपलीत. मला तरी झोपू द्या!"

आणि खाली एकदम शांत झालं.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं एका हाकेत ऐकलं होतं. मला किती बरं वाटलं, सांगू? मी परत जाऊन पडले आणि गाढ झोपले. असं दुपारचं मी आयुष्यात झोपले नव्हते.

साडेचारला चहा घेऊन खाली आले तेव्हा गाडीखालून तुमचे पाय दिसत होते. चपला शेजारी जोडीनं काढून ठेवलेल्या, एखाद्याच्या घरात शिरताना ठेवाव्यात तशा.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, एका क्षणात गेले असतील, त्यांना काही कळलंही नसेल. मी विचारलं, कधी? "दोननंतर, चारच्या आधी." आवीनं ते वाक्य धरून ठेवलं. भेटायला येईल त्याला तो तेच सांगतो, एका क्षणात गेले, कुणाच्या हातात काही नव्हतं, इमा, म्हणजे मी, झोपली होती. मी शेजारी बसून मान हलवते. मी ओरडले होते, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आवीला नाही, रूथला नाही.

तुम्ही गप्प झालात ते मी सांगितलं म्हणून, की तेव्हाच गेलात? की नंतर तुम्ही मला हाक मारत होता आणि मी झोपले होते? हे कुणाला विचारू?

दुखवट्याचा सात दिवसांचा दिवा विझला आणि पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरची जाकलीन दारात उभी. तुम्हाला माहीत आहे ती कशी, मोरोक्कोची, जिभेनं तिखट, पण दुःखाच्या घरी येताना केस बांधून येणारी.

"फ्लोरा, मला बोलायला बरं वाटत नाही. पण आवीला सांग, दोन ते चारमध्ये गाडीखाली ठोकाठोक नको."

"आवी तर हैफाला आहे."

"मग खाली कोण आहे?"

"कसला आवाज येतो?" मी विचारलं.

"बारीक. टिक, टिक, टिक. माझे वडील चांदीवर नक्षी काढायचे, तसा." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं ती काय बोलली. ती न बसताच गेली.

महिनाभरानं पहिल्या मजल्यावरचे रुमानियाचे म्हातारे आजोबा मला जिन्यात भेटले. ते आता बरंच विसरतात. तुम्ही गेलात हेही विसरले होते. टोपी काढून म्हणाले, "तुमचे मिस्टर फार कष्टाळू. एवढ्या उन्हाचंही काम चालू असतं. मी वाकून नमस्कार करायला गेलो, पण पाय दिसले नाहीत. पार आत शिरले असतील." मी म्हटलं, "हो, शिरले असतील." दुसरं काय म्हणणार होते?

टपालवाल्या बाईनं ऐकलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका सुनेनं ऐकलं. आणि मी? मला एकदाही ऐकू आलं नाही! पट्ट्या उघड्या टाकून बसले. गॅलरीत खुर्ची टाकली. एकदा तर दोन वाजता खाली जाऊन गाडीत बसले, काचा लावून, श्वास रोखून. काही नाही. फक्त लांब बंदरावरच्या क्रेनचा आवाज. उतरताना बॉनेटवर हात टेकला. गाडी खांबांमधल्या सावलीत उभी होती, आवीनं ती दोन आठवड्यांत चालू केली नव्हती. तरी पत्रा कोमट होता. खाली वाळूवर तेलाचे ताजे थेंब होते, तीन की चार. मी चपलेनं वाळू ओढून ते झाकले.

तुमचा मला राग आला. जाकलीनला ऐकू येतं, जिच्याशी तुम्ही कधी धड बोलला नाहीत. टपालवालीला येतं. मी काय परकी? मी तुमचं काय केलं? असं म्हणायचे, आणि मग आठवायचं, काय केलं ते.

मग या महिन्यात गाडीच्या वार्षिक टेस्टची वेळ आली. आवी सुट्टी घेऊन आला. नवा सतरा नंबरचा पाना आणला होता त्यानं. दोन दिवस खाली आडवा होऊन लढला. पाना नुसता गोल फिरायचा.

"इमा, बस झालं," शेवटी तो बाहेर येऊन म्हणाला. "हा बोल्ट निघत नाही. टेस्टला न्यायच्या लायकीची राहिलेली नाही ती. भंगारात देऊ."

"सॅमसनभाऊजींना विचारू आधी."

"अब्बांच्या वयाचा माणूस काय करणार?"

"अब्बांच्या वयाचे बोल्टही त्यांनीच पाहिलेत," मी म्हटलं.

सॅमसनभाऊजी रामल्याहून काल सकाळी आले. तुमच्याबरोबर गोदीत होते तसेच आहेत, फक्त पोट दुप्पट झालंय. गाडी जॅकवर चढवून खाली विटा लावल्या, तेव्हा कुठे ते आत मावले. आत शिरायच्या आधीच सुरू झाले.

"हस्केलनं अकरा-सोळाच लावला असणार! मला विचारा ना, वहिनी. गोदीत फोरमन ओरडायचा, हस्केल, पाना बदल. हा म्हणायचा, साहेब, बोल्ट बदला!"

आवी हसला. अकरा महिन्यांत तुमच्या नावावर तो पहिल्यांदा हसला. मीही हसले.

मग खालून त्यांनी रॉकेलचा बोळा मागितला. बोल्ट पुसत असावेत. आणि त्यांचं बोलणं मधेच थांबलं. तुम्हाला माहीत आहे, ते असे थांबत नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "जरा इकडे या. वाकून नाही दिसायचं. आडवं व्हावं लागेल."

आवीनं चटई टाकली. मी साडी सारखी करून आडवी झाले आणि सरकत आत गेले. अहो, मी पहिल्यांदाच तुमच्या जागेवर निजले. वर सगळं काळं, पोटाशी आलेलं. भाऊजींनी टॉर्च धरला.

"हे दोन घाव बघा. खोल, तिरके, बोल्ट ढिला व्हायच्या दिशेनं. हे हस्केलचे. अंगठ्याच्या ठशासारखे ओळखतो मी. यांना गंज चढलाय, समुद्राची हवा. आता त्याच्या पुढे बघा."

पुढे बारीक बारीक खुणा होत्या. फणीच्या दातांसारख्या, एकीला लागून एक, बोल्टाच्या कडेनं अर्ध्यावर गेलेल्या. उथळ, जेमतेम ओरखडा. आणि चकचकीत. आत्ता कुणी कोरल्यासारख्या.

"आवी, तू छिन्नी लावलीस?"

"लो," आवी हिब्रूत नाही म्हणाला. "फक्त पाना."

"शपथ?"

"अब्बांची शपथ."

"मग या कुणाच्या? गंजाचा ठिपका नाही. कालच्या वाटतात." भाऊजींनी बोटानं त्या चाचपल्या. "आणि इतक्या हलक्या हातानं कोण ठोकतं? अशानं बोल्ट ढिला व्हायला वर्ष लागेल."

 मग भाऊजींनी छिन्नी बाजूला ठेवली. का ठेवली, ते मी विचारलं नाही. त्यांनी दोन बोटांनी बोल्ट धरला आणि फिरवला. तो फिरला! जॅमच्या बरणीचं झाकण फिरावं तसा. आवीनं परवापर्यंत दोन हातांनी जोर लावला होता, त्याचे तळवे सोलले होते. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

तेल आलं. भाऊजी "हाय!" करून हात झटकत मागे झाले.

"अरे, इंजिन चालू केलं होतंस तर सांगायचं ना! बोट भाजलं!"

"मी चालू केलेलं नाही," आवी म्हणाला. तो हे मराठीत म्हणाला, अहो. तो मराठीत कधी बोलतो?

काळं तेल परातीत पडत राहिलं, वाफाळत. मी तिथेच आडवी होते. आणि तेव्हा, तुमच्या जागेवर, मला कळलं. दोन घाव मोठे, माझ्या ओरडण्याआधीचे. बाकीचे सगळे नंतरचे. मी गप्प व्हा म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, हळू. मला झोपू द्या. तुम्ही तेच केलंत. तुम्ही हळू ठोकत राहिलात, माझी झोप मोडू नये इतकं हळू. त्या दिवशी जितकं ठोकता आलं तितकं, आणि मग पुढे वर्षभर. म्हणून साऱ्या बिल्डिंगला ऐकू येत होतं आणि फक्त मला नाही.

मला रडू यायला हवं होतं. अंगावर काटा आला.

वर चहा घेताना भाऊजींनी बोटाला लोणी लावलं होतं. आवी जिन्यात परात धूत होता. ते हळूच म्हणाले, "वहिनी, हस्केल हलक्या हाताचा माणूस नव्हता. त्या दिवशी तुम्ही त्याला काही बोलला होतात का?"

"नाही," मी म्हटलं. "मी झोपले होते."

पटकन निघालं तोंडातून. बिस्किटांची बशी पुढे करत म्हटलं. कॉन्व्हेंटात खोटं बोलल्यावर सिस्टर तोंड धुवायला लावायच्या. मी मोरीत जाऊन धुतलं, पण ते तसंच राहिलं. भाऊजी निघताना माझ्याकडे बघत म्हणाले, "गाडी ठेवा, वहिनी. चांगली आहे." बस्स.

आज दोन ते चार मी जागी होते. चारला जाकलीन आपण होऊन खाली आली.

"आज काही नाही," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं म्हणाली. मग बसली, आणि बराच वेळ गेली नाही. मीही तिला जा म्हटलं नाही. बाहेर इतकं शांत होतं, की दोघींना ते सोसवत नव्हतं.

तुम्ही कुठे गेलात? काम संपलं म्हणून गेलात का? मला एकदाही न ऐकवता?

पुढच्या बुधवारी तुमची वर्षाची जियारत आहे, तुमच्या आठवणीची प्रार्थना. रूथ मुलांना घेऊन येणार आहे. मी पोहे भिजवीन, नारळ खोवीन, मलिदा करीन, सब्जाची डहाळी मिळाली तर आणीन. आवी तुमच्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणेल. आणि तो लोकांना पुन्हा तेच सांगेल, एका क्षणात गेले, कुणाच्या हातात काही नव्हतं. त्या वाक्यावर तो हे वर्षभर उभा आहे, अहो. ते मी त्याच्या पायाखालून काढून घेणार आहे. त्यानंतर तो माझ्याकडे कसा बघेल, मला माहीत नाही. कदाचित बरेच दिवस बघणार नाही. रूथ तिच्या मुलांना उचलून बाहेर जाईल. मला भीती वाटते, आणि ती तुमची नाही, त्यांचीच.

तरी सांगीन. कद्दीशच्या आधी, सगळे बसलेले असताना, सॅमसनभाऊजींच्या समोर. नुसतं मी झोपले होते, असं नाही सांगणार. आधी मी ओरडले, मग तुम्ही माझं ऐकलंत, आणि मग मी झोपले. याच क्रमानं सांगीन, एकही गोष्ट मागेपुढे न करता. हे वचन आहे.

तुमची,
फ्लोरा